पडद्यावरचा कीचक

पुण्याच्या आर्यन सिनेमात ७ फेब्रुवारी १९२० रोजी ‘सैरंध्री’ हा मूकपट प्रथम लागला, तेव्हा तो पाहावयास आलेल्या बहुतेकांना त्याची कथा तोंडपाठ होती. विराटाच्या घरी अज्ञातवासात राहिलेले पांडव, सैरंध्री या नावाने राणी सुदेष्णेची दासी झालेली द्रौपदी, तिच्यावर पापदृष्टी ठेवणारा राजाचा मेहुणा व सेनापती कीचक, आणि बल्लव या नावाने मुदपाकखान्यात राबणारा भीम, हे सारे कीर्तनांतून व पोथ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या कानांवरून गेलेले होते. शेवट काय व्हायचा याविषयी कोणाच्या मनात तिळमात्र शंका असण्याचे कारण नव्हते. असे असूनही भीमाने कीचकाचा प्राण घेतला तो प्रसंग पडद्यावर इतका उघड आणि इतका हुबेहूब उमटला, की पाहणारे हादरले, त्याचा बराच गवगवा झाला आणि अखेर त्या प्रसंगास सेन्सॉरची कात्री लागली. केवळ भयानकतेच्या कारणाने एखाद्या चित्रपटाचा तुकडा कापला जावा, याच्या आपल्या देशातील अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक होय.

हा चित्रपट मुंबईच्या कोणा धनाढ्य कंपनीचा नव्हता. कोल्हापुरात, कोल्हापुरातच घडविलेल्या कॅमेऱ्यावर, नाटकांचे पडदे रंगविण्यात ज्यांचे तारुण्य गेले अशा माणसांनी तो तयार केला होता. लोकांना भिवविण्याच्या हेतूने त्यांनी तो काढला असे मुळीच म्हणता येणार नाही. त्यांना एक चांगला पौराणिक चित्रपट काढावयाचा होता. परंतु स्थिर चित्र ज्या क्षणाच्या अलीकडे थांबते तो क्षण हलत्या चित्रास ओलांडावाच लागतो, आणि जो मनुष्य हाडाचा चित्रकार आहे तो ओलांडताना डोळे मिटून घेत नाही. कोल्हापूरच्या चित्रपटाचा आरंभ या निर्भयपणात आहे, आणि म्हणूनच भयातही आहे, असे मला वाटते.

विराटपर्वातील कीचकवध ज्याने मुळातून वाचला आहे त्यास व्यासांच्या निष्ठुर लेखणीविषयी वेगळे सांगावयास नको. नर्तनशाळेतील काळोखात द्रौपदीच्या जागी भीम निजून राहतो, कामांध कीचक चाचपडत येतो, द्वंद्व होते, कीचक मरतो, आणि तो मेल्यावरही भीमाचा क्रोध शमत नाही. त्याचे हात, पाय, मान व मस्तक धडात कोंबून भीम त्याचा मांसाचा एक गोळा करतो. मशाली घेऊन धावत आलेल्या रक्षकांना त्या गोळ्यात हात कोठे, पाय कोठे आणि डोके कोठे हे ओळखता येत नाही. पाण्याबाहेर काढून जमिनीवर ठेवलेल्या कासवाची उपमा महाभारतकारांनी त्या देहास दिली आहे, आणि ती एकदा वाचल्यावर विसरता येत नाही. आमच्या लोकांनीही हा प्रसंग आपल्या डोंगरदऱ्यांतून नेऊन बसविला: वाईला विराटनगरी म्हणण्याची जुनी वहिवाट आहे, आणि विदर्भातील चिखलदऱ्याचे नावच कीचकाच्या दरीवरून पडले, तेथील भीमकुंडात भीमाने रक्ताने माखलेले हात धुतले, असे तिकडची मंडळी सांगतात.

मात्र ग्रंथात जे निःसंकोच लिहिले गेले ते डोळ्यांसमोर आणण्याच्या बाबतीत आमच्या कलांनी मोठा संयम पाळला होता. रंगभूमीवर प्रत्यक्ष वध दाखवू नये हा नाट्यशास्त्राचा जुना संकेत. राजा रविवर्म्याने हा विषय रंगविला तोही हातात पात्र देऊन कीचकाच्या घरी पाठविलेली, लज्जेने आणि भीतीने मुख झाकून घेणारी द्रौपदी दाखवून; पुढचे सर्व त्याने प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपविले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले तेव्हा तर कीचकाचा अर्थच पालटला. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातील भारतभूमी, सोशीक युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे रूपक पिटातल्या प्रेक्षकालाही समजत होते आणि सरकारी दुभाष्यांनाही समजत होते. म्हणून १९१० च्या आरंभी सरकारने त्या नाटकास मनाई केली. तात्पर्य, ‘सैरंध्री’चे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी हा विषय हाती घेतला तेव्हा मुंबई सरकारच्या दप्तरी कीचक हा अगोदरच संशयित इसम म्हणून नोंदला गेलेला होता.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी झाला. वडील कृष्णराव हे नाना कसबांत निष्णात असलेले कारागीर. घरात लाकूड, लोखंड आणि रंग या तिन्हींचा वास. शाळेचा संबंध बेताचाच. बाबूराव आणि त्यांचे थोरले चुलतबंधू आनंदराव या दोघांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण कोठेही घेतले नाही, आणि तरी १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे म्हणून त्यांचा असा लौकिक झाला की मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी पडदे रंगविले, गुजराती-पारशी कंपन्यांसाठीही रंगविले. कोल्हापूर त्या वेळी कलावंतांना मानवणारे गाव होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत आलेले आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी आपल्या तंद्रीत निसर्गचित्रे काढीत होते. शाहू महाराजांचा दरबार गवयांना, मल्लांना आणि चित्रकारांना सारख्याच आस्थेने आश्रय देत होता. खासबागेचे कुस्त्यांचे मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर ही दोन्ही त्याच दशकात उभी राहिली. पुढे हे थिएटर केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले, हे कोल्हापूरकरांच्या ताज्या स्मरणात आहे.

नाटकाचा पडदा रंगविणे हा धंदा आता नामशेष झाला असल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. एका नाटकास रस्ता, महाल, अरण्य, देऊळ, तुरुंग असे ठरीव पडदे लागत. कापडाचे पाट जोडून, त्यांवर खळ आणि सरस यांचा लेप देऊन, मैदानासारखा पसरलेला तो पट जमिनीवर किंवा भिंतीवर ताणून धरावयाचा आणि पूड-रंग सरसात कालवून रुंद कुंचल्यांनी भरावयाचे. जवळून पाहता जे नुसते फराटे दिसत तेच दहा हातांवरून खांबांची ओळ, संगमरवरी फरशी आणि दूर जाणारा रस्ता होऊन बसावयाचे. यात खरी मख्खी होती ती यथादर्शनाची. पुढचा खांब मोठा, मागचा लहान, सर्व रेषा क्षितिजावरच्या एका बिंदूकडे धावणाऱ्या. प्रेक्षकाच्या डोळ्यास फसवून सपाट कापडात खोली निर्माण करण्याची ही विद्या मेस्त्री बंधूंच्या हाडीमांसी खिळली होती. तिच्यातले व्यंगही त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? नट पडद्याजवळ गेला की त्याचे डोके महालाच्या सज्जाला लागे, वाऱ्याने पडदा हलला की राजवाडा थरथरे, आणि गॅसबत्तीच्या उजेडात नटाची खरी सावली चित्रातल्या सावलीच्या उलट दिशेने पडे. ज्याने हे खोटेपण रोज रात्री विंगेत उभे राहून पाहिले, त्याला खऱ्या खोलीची तहान लागावी यात नवल नाही.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, आणि त्याने या दोघा भावांना अक्षरशः वेड लावले. मुंबईच्या चोरबाजारातून एक जुने प्रक्षेपण यंत्र पैदा करून त्यांनी प्रथम चित्रपट दाखविण्याचा उद्योग केला. आनंदरावांची बुद्धी यंत्राकडे अधिक धावणारी. चित्र दाखविणारे यंत्र आणि चित्र घेणारे यंत्र यांच्यात मूलतः फरक थोडाच. एकात उजेड आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो, बाकी फीत खंडाखंडाने पुढे सरकविणारी यंत्रणा दोन्हीकडे सारखीच. हे ओळखून त्यांनी त्या यंत्राची खोलाखोल करून त्यावरून कॅमेरा घडविण्यास आरंभ केला. १९१६ साली आनंदराव अकाली वारले. त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते काम नेटाने तडीस नेले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती हे त्यातले एक कारण खरेच, परंतु कारागिराच्या घरात वाढलेल्या माणसाला जे यंत्र आपण खोलून पाहिलेले नाही त्याच्यावर विश्वास बसत नाही, हेही तितकेच खरे असावे. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या भांडवलावर. ज्या काळी प्रतिष्ठित सावकारांनी या उद्योगाकडे पाठ फिरविली त्या काळी एका कलावतीने आपली पुंजी त्यात घातली, ही गोष्ट मराठी चित्रपटाच्या इतिहासात अधिक मोठ्या अक्षरांत लिहिली जावयास हवी होती. खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचे स्मारक आहे. तानीबाईंचे नाव घेणारे कितीसे भेटतात?

‘सैरंध्री’साठी स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात असा बाबूरावांचा आग्रह होता. गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढे आल्या, कंपनीने त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नावे दिली, आणि त्यांच्या जातभाईंनी त्यांना वाळीत टाकले. दोघींना कंपनीच्या आवारातच आसरा घेऊन राहावे लागले. पडद्यावर विटंबना सोसणारी दासी आणि पडद्याबाहेर समाजाने दाराबाहेर उभी केलेली नटी यांतील अंतर किती थोडे होते!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चित्रपटाची कथा हाती आली की बाबूराव ती आधी कागदावर चितारीत. पात्राचा पोशाख, उभे राहण्याची ढब, हालचालीची दिशा, उजेड कोठून येणार आणि काळोख कोठे साचणार, हे सर्व रेखाचित्रांतून ठरे, आणि मग नटांना व कारागिरांना त्या रेखाटनांबरहुकूम वागावे लागे. रंगविलेले सपाट पडदे काढून टाकून त्यांनी भिंती, खांब, पायऱ्या प्रत्यक्ष उभारल्या, म्हणजे ज्या विद्येवर त्यांचा चरितार्थ चालला होता तीच त्यांनी स्वतःच्या हाताने रद्द केली. याचा परिणाम कीचकवधावर काय झाला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. झुंझारराव पवार, बाळासाहेब यादव यांच्यासारखी धिप्पाड माणसे कंपनीत होती, आणि कोल्हापूरच्या प्रेक्षकाला कोणते अंग कसे मोडते हे खासबागेत बसून ठाऊक झालेले होते. रंगभूमीवर भीम आणि कीचक झगडले तरी मागचा पडदा सांगत असे की हे सोंग आहे. भिंत खरी झाली, तिच्यावरची सावली खरी झाली, आणि ती साक्ष नाहीशी झाली. मूकपट असल्यामुळे किंकाळीही नाही. शब्दांचा, गाण्याचा आणि ‘वन्समोअर’चा जो आधार नाटकात मिळे तो काढून घेऊन प्रेक्षकाला त्या देहांसमोर एकटे बसविले गेले.

जपानमध्ये ऐंशी वर्षांनंतर घडलेली एक गोष्ट येथे आठवते. जुंजी इतो हा गिफू प्रांतातला चित्रकार, पूर्वी दंतवैद्यांसाठी कृत्रिम दात घडविणारा कारागीर. १९९८-९९ मध्ये त्याची ‘उझुमाकी’ ही चित्रकथा तेथील साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. जपानात अशा चित्रकथांना मांगा म्हणतात, आणि त्या लहान मुलांपुरत्या नसून सर्व वयांची माणसे त्या आगगाडीत बसून वाचीत असतात. ‘उझुमाकी’मध्ये भूत नाही, पिशाच नाही, कोणाचा सूड नाही. कुरोउझु नावाच्या एका लहान गावाला आवर्ताच्या आकाराने, म्हणजे गोगलगाईच्या शंखात किंवा पाण्याच्या भोवऱ्यात दिसणाऱ्या वळणाने, झपाटले आहे, एवढीच कल्पना. आणि त्या आकाराच्या नादी लागून माणसे वेडी होतात, त्यांचे केस वळतात, देह पिळले जातात, शाळेतली मुले गोगलगाई होतात. किरिए या शाळकरी मुलीचा मित्र शुइची. त्याचा बाप या आकाराचे इतके वेड घेतो की शेवटी एका गोल लाकडी पिंपात आपला देह वेटोळे करून मरतो. शुइचीची आई आपल्या बोटांच्या टोकांवरची वळणेही सहन न होऊन ती कापून टाकते. विराटपर्वातला तो मांसाचा गोळा ज्याने वाचला आहे त्याला पिंपातले हे प्रेत पाहताना अगदीच परक्या मुलखात आल्यासारखे वाटणार नाही. मनुष्याचा देह मनुष्याच्या आकारात राहत नाही, यापलीकडे भयाला दुसरे भांडवल लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

हिगुचिन्स्की या नावाने काम करणाऱ्या दिग्दर्शकाने याच चित्रकथेवरून काढलेला चित्रपट ११ फेब्रुवारी २००० रोजी प्रदर्शित झाला. चित्रकथा पुरी होण्यापूर्वीच चित्रपटाची जुळवाजुळव झाल्यामुळे त्याचा शेवट मुळाहून निराळा झाला आहे. पिंपाच्या जागी कपडे धुण्याचे यंत्र आले, सगळ्या पडद्यावर शेवाळी हिरवा रंग पसरला, आणि भीषण प्रसंगांत मध्येच विनोदाची लहर येऊ लागली. इतोच्या चित्रांत काळ्या शाईच्या बारीक रेघांनी जी गुदमर साठते ती चित्रपटात थोडी विरळ होते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. चित्रकथेत पान उलटण्यापूर्वीचा क्षण वाचकाच्या हातात असतो. भीती वाटली तर तो हात आवरू शकतो, आणि बहुधा आवरीत नाही. चित्रपटात पान दुसराच कोणी उलटतो. इतोची कला पहिल्या प्रकारच्या भयाची आहे, आणि दिग्दर्शकाने ते ओळखून मुळाची नक्कल करण्याऐवजी विचित्रपणाचा मार्ग पत्करला यात त्याचे शहाणपण दिसते.

जपानी चित्रकथेचा एक पूर्वज रस्त्यावरचा आहे. १९३० च्या सुमारास तेथे कामिशिबाई नावाचा खेळ फोफावला. सायकलवर लाकडी चौकट बांधून फिरणारा कथेकरी चौकात थांबे, मुलांना मिठाई विकी, आणि चौकटीत एकामागून एक चित्र सरकवीत गोष्ट सांगे; ऐन रंगात आलेली गोष्ट उद्यावर टाकून निघून जाई. दूरचित्रवाणी घरोघर आल्यावर हा धंदा बसला आणि त्यातले चित्रकार चित्रकथांकडे वळले. शिगेरू मिझुकी हा प्रख्यात भुताखेतांचा चित्रकार याच वाटेने आला, आणि त्याचा स्मशानात जन्मलेला किटारो हा नायकही मूळचा कामिशिबाईतलाच. तेथे मूकपटांनाही कथेकरी असे. पडद्याशेजारी उभा राहून तो पात्रांची भाषणे बोलून दाखवी, आणि पुष्कळ प्रेक्षक नटापेक्षा त्याच्याच नावाने येत.

हे वाचून मराठी माणसाला पिंगुळीची आठवण झाली नाही तरच आश्चर्य. कोल्हापुराहून घाट उतरून कुडाळकडे गेले की पिंगुळीचे ठाकर लोक भेटतात. कागदावर रंगविलेल्या चित्रांचे गठ्ठे, ज्यांना ते पोथी म्हणतात, समोर धरून वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली आख्याने सांगण्याची त्यांची परंपरा सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने जगली. चित्रकथेचा उल्लेख बाराव्या शतकात चालुक्य नृपती सोमेश्वराने रचविलेल्या ‘मानसोल्लासा’तही येतो, म्हणजे दक्षिणेत हा धंदा निदान आठशे वर्षांचा आहे. पिंगुळीच्या चित्रांतल्या माणसांचे तोंड बाजूने दिसते आणि डोळा मात्र समोरून, टपोरा, कोठेच न पाहणारा. राक्षसही तसाच, देवही तसाच. रात्री दिव्याच्या उजेडात गाणाऱ्याचा आवाज चढला म्हणजे तो डोळा आपल्याकडे वळला असे वाटते. 

परंतु जपानमध्ये रस्त्यावरच्या चित्रापासून छापील चित्रकथेपर्यंत आणि तेथून पडद्यापर्यंत जशी सलग पायवाट पडली तशी आमच्याकडे पडली नाही. पिंगुळीची पोथी आणि कोल्हापूरचा कॅमेरा यांच्यामध्ये घाट आडवा होता, आणि घाटापेक्षाही मोठी अशी जातीची व व्यवसायाची भिंत आडवी होती. आमच्याकडे चित्र पडद्यावर आले ते नाटकाच्या दाराने. म्हणून मराठी चित्रपट आरंभापासून बोलका, गाणारा आणि सज्जन झाला, आणि चित्रकाराने पाहिलेले भय त्यात क्वचितच शिरले. राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’ हा आपला भयपट प्रदर्शित होण्याच्या कितीतरी वर्षे अगोदर तो शेकडो पानांच्या रेखाचित्रांत मांडून ठेवला होता, हे २०१८ साली लोकांना अपूर्व वाटले. बाबूरावांची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना ते अपूर्व वाटू नये.

सेन्सॉरचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपट तपासण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे त्यासाठी मंडळे नेमली. कोल्हापूर संस्थानी मुलूख. तेथे छत्रपतींचा अंमल. परंतु चित्रपटाचा पैसा वसूल व्हायचा तो पुण्या-मुंबईच्या खालसा मुलुखात, आणि तेथे इंग्रजांची कात्री. कलावंताला आश्रय एका दरबारचा आणि हुकूम दुसऱ्या सरकारचा, अशा दुहेरी अमलाखाली कोल्हापूरचा हा धंदा वाढला. नाटकातल्या कीचकावर राजद्रोहाचा वहीम होता; चित्रपटातल्या कीचकावर बीभत्सतेचा ठेवला गेला. दोन्ही वेळा मार कीचकालाच खावा लागला. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्य निवर्तले.

पुढची हकिगत सर्वश्रुत असल्याने थोडक्यात आटोपतो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून काढलेल्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी १९२३ साली कृत्रिम प्रकाश वापरला. त्या चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहून सरकारी महसूल खात्याला करमणूक-कराची कल्पना सुचली असे सांगतात. मुंबई इलाख्यातला तो कायदा १९२३ चाच आहे. चित्रपटाची छापील माहितीपुस्तिका काढण्याची प्रथा त्यांनी पाडली, जाहिरातीची चित्रे स्वतः रंगविली, आणि ‘कल्याण खजिना’ची १९२४ ची त्यांची जाहिरात ही भारतीय चित्रपटांच्या उपलब्ध सचित्र जाहिरातींपैकी सर्वांत जुनी समजली जाते. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे त्यांचे शिष्य बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या साह्याने त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. बोलपटांच्या लाटेत महाराष्ट्र फिल्म कंपनी टिकली नाही. ‘प्रभात’ने १९३३ मध्ये पुन्हा ‘सैरंध्री’च घेतली, तीही रंगीत; तिच्या प्रती शांतारामांनी जर्मनीत छापवून घेतल्या. रंग नीट उतरले नाहीत आणि प्रयोग फसला. त्याच वर्षी ‘प्रभात’ पुण्यास गेली, आणि १९३४ च्या ‘अमृतमंथना’त राजगुरूच्या एकाच डोळ्याने सगळा पडदा व्यापला तेव्हा प्रेक्षक पुन्हा एकदा दचकले. रंगांनी जे साधले नाही ते एका डोळ्याने साधले. तो डोळा पुण्यात चित्रित झाला असला तरी त्याला पाहणारी नजर कोल्हापुरात तयार झाली होती.

पण माझ्या मते बाबूरावांचा खरा भयपट कीचकाचा नव्हे. तो १९२५ चा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा हा चित्रपट. तरुण शांताराम त्यात शेतकरी झाले होते. कर्जाच्या खोट्या कागदापायी जमीन जाते, आणि शेतकरी शहरात गिरणीच्या दाराशी येऊन पडतो. चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी तो तरुणपणी पाहिला होता, आणि त्यातली जी गोष्ट त्यांना अनेक वर्षांनंतरही आठवत होती ती कथेतली नव्हती: काळोखात बुडालेली एक भकास झोपडी, आणि तिच्यापुढे रडणारे कुत्रे. चित्र मुके होते. कुत्र्याने केवळ मान वर केलेली दिसत होती. कीचकाच्या वेळी देह मोडून दाखवावा लागला, येथे काहीच मोडलेले दिसत नाही, आणि तरी झोपडीत काय झाले आहे हे पाहणाऱ्याला कळते. पाच वर्षांत एका चित्रकाराने केवढी मजल मारली! कोणी कापावे असे त्या दृश्यात काहीच नव्हते, म्हणून कोणी कापलेही नाही. पौराणिक राक्षसाची जागा खतावणीने घेतली होती, आणि तिला पाहून कोल्हापूरच्या पंचक्रोशीतला जो कुणबी घाबरला असेल त्याला ते सोंग आहे असे सांगून धीर देणे शक्य नव्हते.

हे दोन्ही मूकपट आज उपलब्ध नाहीत. ‘सावकारी पाश’ बाबूरावांनी १९३६ मध्ये पुन्हा काढला, या खेपेस बोलपट म्हणून. आता कुत्र्याचे रडणे प्रेक्षकांच्या कानांवर घालण्याची सर्व सोय झालेली होती.